सिडनीची वाट : शिडापासून विमानापर्यंत

बंदराचा इतिहास बहुधा त्याच्या धक्क्यांवरून, गोदामांवरून आणि आयात-निर्यातीच्या आकड्यांवरून लिहिला जातो. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावरील सिडनीच्या बाबतीत मात्र ही पद्धत अपुरी पडते, कारण हे शहर ज्या सत्तेने वसवले ती सुमारे १७,००० किलोमीटर दूर होती, आणि तेथून माणूस, पत्र वा माल पोहोचण्यास किती दिवस लागतात यावर शहराचे अन्नधान्य, त्याची भीती आणि काही अंशी त्याचे कायदेही दीर्घकाळ अवलंबून राहिले. म्हणून सिडनीचा इतिहास हा तिथवर जाणाऱ्या वाटेचा इतिहास म्हणून वाचणे अधिक फलदायी ठरते. ही वाट इंग्लंडहून निघते खरी, परंतु तिचा मोठा भाग हिंदी महासागरातून जातो, आणि तो घडविण्यात भारतीय खलाशांचा जो वाटा आहे तो रूढ इतिहासग्रंथांत सांगितला जातो त्याहून कितीतरी मोठा आहे.

सिडनीचे बंदर, ज्याचे औपचारिक नाव पोर्ट जॅक्सन, हे समुद्राची पातळी वाढल्यामुळे बुडालेले नदीचे खोरे आहे. अशा खोऱ्याला भूगोलात ‘रिया’ म्हणतात आणि कोकणातील अनेक खाड्याही याच प्रकारात मोडतात. वालुकाश्माच्या उंच कड्यांमधील अरुंद मुखातून आत शिरल्यावर पाणी असंख्य फाट्यांनी आत पसरते, आणि त्यातील बऱ्याच फाट्यांत अगदी काठाजवळही मोठ्या जहाजाला पुरेल एवढी खोली असते. या काठांवर हजारो वर्षांपासून आदिवासी कुळांची वस्ती होती. पुढे जिथे शहराचा पहिला धक्का झाला ती वारान नावाची लहान खाडी गॅडिगल कुळाच्या प्रदेशात होती. झाडाच्या सालीपासून केलेल्या, दोन्ही टोकांना बांधलेल्या ‘नावी’ नामक होडीत बसून स्त्रिया शिंपल्याच्या गळाने मासेमारी करीत, आणि होडीतच मातीच्या थरावर विस्तव पेटता ठेवून पकडलेला मासा तिथल्या तिथे भाजत. पाण्यावर असा पिढ्यान्‌पिढ्यांचा वावर असलेल्या समाजाला बाहेरून आलेल्या पहिल्या जहाजांची किंमत फार लवकर मोजावी लागली : १७८९ मध्ये देवीची साथ पसरली आणि बंदराच्या काठावरील आदिवासींचा फार मोठा हिस्सा तिला बळी पडला.

ही पहिली जहाजे म्हणजे ब्रिटिश सरकारने कैद्यांची वसाहत स्थापण्यासाठी पाठविलेला ११ गलबतांचा ताफा होय. कॅप्टन आर्थर फिलिप याच्या नेतृत्वाखाली १३ मे १७८७ रोजी तो पोर्ट्‌समथहून निघाला आणि टेनेरिफ, रिओ दि जानेरो व केप टाउन येथे पाणी व धान्य भरून घेत जानेवारी १७८८ च्या तिसऱ्या आठवड्यात बॉटनी बे या उपसागरात पोहोचला. ही जागा जेम्स कुकच्या १७७० च्या सफरीवरून निवडलेली होती. परंतु ती उथळ आणि वाऱ्याला उघडी असल्याचे पाहून फिलिपने काही किलोमीटर उत्तरेकडील पोर्ट जॅक्सनची पाहणी केली आणि २६ जानेवारीस सारा तळ तिकडे हलविला. आठ महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढलेल्या या ताफ्यात मृत्यूचे प्रमाण त्या काळाच्या मानाने कमी होते. १७९० मध्ये आलेल्या दुसऱ्या ताफ्याची कथा अगदी वेगळी आहे. त्याचा मक्ता गुलामांच्या व्यापारात मुरलेल्या एका लंडनच्या पेढीकडे होता, आणि मोबदला सिडनीत जिवंत उतरलेल्या कैद्यावर नव्हे तर इंग्लंडात चढविलेल्या कैद्यावर मिळत असल्याने वाटेत त्यांना उपाशी ठेवण्यात मक्तेदाराचा फायदाच होता. सुमारे एक चतुर्थांश कैदी प्रवासात मरण पावले. कराराच्या एका कलमाने शेकडो माणसांचा बळी घेतल्याचे इतके स्पष्ट उदाहरण सागरी इतिहासात क्वचितच सापडते. पुढे मोबदल्याचा काही भाग कैदी सुखरूप उतरण्याशी जोडला गेला आणि प्रत्येक जहाजावर सरकारी शल्यवैद्य नेमला जाऊ लागला, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण वेगाने खाली आले.

नव्या वसाहतीत पीक धड येत नव्हते आणि इंग्लंडहून रसद येण्यास वर्ष-दीड वर्ष लागत असे; त्यामुळे फिलिपने ‘अटलांटिक’ हे जहाज १७९१ मध्ये कलकत्त्यास धाडले. ते १७९२ च्या मध्यास परतले तेव्हा त्यात तांदूळ आणि डाळ होती, आणि पुढे काही काळ सिडनीतील कैदी, शिपाई व अधिकारी यांच्या शिध्यात बंगालची डाळ मोजून दिली जाऊ लागली. केप ऑफ गुड होपच्या पूर्वेकडील ब्रिटिश व्यापाराचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीकडे असल्याने वसाहतीला स्वतंत्रपणे व्यापार करण्यास मज्जाव होता, तरीही भूक कलमांपेक्षा प्रबळ ठरली आणि कलकत्त्याचे व्यापारी या दूरच्या गिऱ्हाइकाकडे लक्ष ठेवू लागले.

त्यातूनच १७९६ च्या नोव्हेंबरात ‘सिडनी कोव्ह’ नावाचे जहाज प्रामुख्याने मद्य व इतर माल घेऊन कलकत्त्याहून निघाले. त्यावरील बहुसंख्य खलाशी भारतीय होते. बंगालच्या उबदार हवेत वावरलेल्या या माणसांना ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील थंड व तुफानी समुद्रात जहाजात शिरणारे पाणी रात्रंदिवस उपसावे लागले, त्यात काही दगावले, आणि अखेर ९ फेब्रुवारी १७९७ रोजी टास्मानियाच्या उत्तरेस एका निर्जन बेटाजवळ कप्तानाने फुटत चाललेले जहाज उथळ पाण्यात रुतविले. मदत आणण्यासाठी १७ जणांची तुकडी, त्यात १२ भारतीय खलाशी, लांब होडीने सिडनीकडे निघाली. ती होडीही मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर फुटली. मग या लोकांनी सुमारे ७०० किलोमीटरचा अनोळखी किनारा पायी तुडविण्यास सुरुवात केली. वाटेतील आदिवासींनी अनेक ठिकाणी त्यांना मासे व शिंपले दिले आणि नद्या ओलांडण्यास होड्या दिल्या, काही ठिकाणी चकमकीही झाल्या; जे थकले ते एकेक करून मागे पडत गेले. मे महिन्याच्या मध्यास सिडनीच्या दक्षिणेस एका मासेमारी होडीने उचलून घेतले तेव्हा केवळ तिघे उरले होते, आणि त्यांपैकी एक भारतीय खलाशी होता.

या अपघाताचे परिणाम दूरवर गेले. वाटेत या तिघांना कोळशाचा थर दिसला होता, आणि बेटावर अडकलेल्यांच्या सुटकेसाठी गेलेल्या जहाजांनी तेथील प्रवाहांची जी निरीक्षणे केली त्यांतून टास्मानिया व मुख्य भूमी यांच्यामध्ये सामुद्रधुनी असावी हा तर्क बळावला. जॉर्ज बास व मॅथ्यू फ्लिंडर्स यांनी १७९८-९९ मध्ये टास्मानियाला प्रदक्षिणा घालून तो सिद्ध केला आणि केपकडून येणाऱ्या जहाजांचा टास्मानियाला घातला जाणारा वळसा वाचला. बास सामुद्रधुनी हे नाव नकाशावर कायम झाले. त्या शोधाला निमित्त ठरलेले खलाशी मात्र बहुतांशी निनावीच राहिले, आणि हा अन्याय दूर करण्याचे काम अलीकडच्या अभ्यासकांनी कुठे हाती घेतले आहे. ‘सिडनी कोव्ह’ पाठविणाऱ्या कलकत्त्याच्या पेढीशी नाते असलेला रॉबर्ट कॅम्पबेल पुढे सिडनीत स्थायिक झाला आणि त्याच्या कुटुंबाची वालुकाश्माची गोदामे द रॉक्स या भागात, पाण्याच्या अगदी काठाशी, आजही उभी आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिडांच्या जहाजांनी वेगाची परिसीमा गाठली. दक्षिण गोलार्धात ४० ते ५० अंश अक्षांशांच्या दरम्यान जमिनीचा फारसा अडथळा नसल्याने पश्चिमेचे वारे वर्षभर जोराने वाहतात. या पट्ट्याला ‘गरजणारे चाळीस’ असे म्हणतात. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट सपाट नकाशावर सरळ न दिसता ध्रुवाकडे झुकलेली कमान दिसते, आणि त्या कमानीला ‘बृहद्वृत्त मार्ग’ ही संज्ञा आहे. १८५१ नंतर ऑस्ट्रेलियात सोन्यासाठी झुंबड उडाली तेव्हा कप्तान या दोन्ही गोष्टींचा मेळ घालून जहाजे अधिकाधिक दक्षिणेकडे, हिमनगांच्या प्रदेशापर्यंत नेऊ लागले. प्रवास अडीच-तीन महिन्यांवर आला, परंतु त्यात प्रवाशाला आठवडेच्या आठवडे किनारा दिसत नसे, आणि सर्वांत मोठा धोका शेवटच्या रात्री, बंदराच्या मुखाशी उभा असे.

‘डनबार’ या जहाजाच्या बाबतीत नेमके हेच घडले. प्लिमथहून निघून ८१ दिवसांनी, २० ऑगस्ट १८५७ च्या पावसाळी रात्री, ते सिडनीसमोर पोहोचले. दक्षिणेकडच्या कड्यावर मॅक्वारी दीपगृह १८१८ पासून होते, पण ते बंदराच्या मुखापासून काहीसे दूर असल्याने मुख नेमके कुठे उघडते याचा अंदाज अंधारात चुकला आणि जहाज कड्यावर आदळले. जहाजावरील १२२ जणांपैकी १२१ मरण पावले, आणि त्यांतील बरेच जण मायदेशाची भेट घेऊन परतणारे सिडनीचेच रहिवासी असल्याने सारे शहर शोकात बुडाले. जेम्स जॉन्सन नावाचा एकच खलाशी कड्याच्या कपारीत टिकून राहिला व त्याला दोराने वर ओढण्यात आले. पुढल्याच वर्षी मुखाच्या अगदी टोकाशी हॉर्न्बी दीपगृह उभारले गेले. जॉन्सन नंतर न्यूकॅसल बंदरात नोकरीस लागला, आणि १८६६ मध्ये तेथे ‘कवारा’ ही आगबोट फुटली तेव्हा तिच्यातील एकमेव वाचलेल्या माणसाला पाण्यातून काढणाऱ्यांत तो होता.

आगबोटींचे युग सुरू झाले ते टपालाच्या निमित्ताने. पी अँड ओ कंपनीची ‘चुसान’ ही आगबोट ऑगस्ट १८५२ मध्ये सिडनीत दाखल झाली. पुढे श्रीलंकेतील गॉल हे बंदर या व्यवस्थेचा सांधा बनले : इंग्लंडचे टपाल व प्रवासी सुएझमार्गे तेथवर येत आणि तेथे बोट बदलून ऑस्ट्रेलियाकडे जात. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर जहाजांना थेट जाणे शक्य झाले आणि १८८० च्या दशकात, लाटा अडविणारा बंधारा बांधून झाल्यावर, कोलंबोने गॉलची जागा घेतली. प्रवास आता सहा आठवड्यांच्या आसपास आला होता. लोकर जाण्याच्या हंगामात सिडनीच्या सर्क्युलर की या धक्क्यावर शिडाची जहाजे व टपालबोटी शेजारी-शेजारी उभ्या राहत. ‘कटी सार्क’सारखी जहाजे लोकर घेऊन शिडांच्या बळावर लंडन गाठण्याची शर्यत १८९० च्या दशकापर्यंत लढवीत राहिली.

पी अँड ओच्या या बोटी चालविणारे बहुतेक हात भारतीय होते. डेकवरचे खलाशी मुख्यतः गुजरात व कोकणच्या किनाऱ्यावरून येत, बॉयलरला कोळसा घालणारे आगवाले पंजाब व वायव्य सरहद्दीकडून, आणि भोजनगृहातील वाढपी व स्वयंपाकी बहुधा गोव्याहून. प्रत्येक टोळीवर सारंग हा मुख्य आणि त्याच्या हाताखाली टंडेल असे. सारंग आपल्याच गावातील व नात्यातील माणसे भरती करी, त्यामुळे रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक गावांची पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत बोटीवर अवलंबून राहिली. गोव्याचे लोक बोट मिळेपर्यंत मुंबईत धोबी तलाव, माझगाव या भागांतील ‘कूड’ नावाच्या ग्रामसंस्थांमध्ये अल्प भाड्यात राहत. तेथे एकेका गावाची एकेक खोली असे, भिंतीला लावून पेट्या रचलेल्या असत आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होई. या खलाशांशी ‘एशियाटिक’ स्वरूपाचा स्वतंत्र करार केला जाई, आणि गोऱ्या खलाशाच्या तुलनेत त्यांना फारच कमी वेतन व कमी जागा मिळे. सिडनीची वाट स्वस्त व नियमित झाली ती या तफावतीच्या बळावर, ही गोष्ट आगबोटींच्या वैभवाचे वर्णन करताना सहसा नोंदविली जात नाही.

आगबोटींच्या जलद दळणवळणाबरोबर रोगही जलद आला. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात सुरू झालेली प्लेगची साथ ज्या जागतिक लाटेचा भाग होती तीच लाट जानेवारी १९०० मध्ये सिडनीच्या धक्क्यांवर पोहोचली. त्या वर्षी ३०३ जणांना लागण झाली व १०३ दगावले. बंदराकाठचे मोहल्ले वेढून बंद करणे, घरे रिकामी करवून चुन्याने धुणे, उंदरांवर बक्षीस लावणे आणि पुष्कळ इमारती पाडणे हे सारे तेथेही झाले. परंतु पुण्यात १८९७ साली प्लेग निवारणाच्या नावाखाली परक्या शिपायांनी घराघरांत शिरून जी दहशत घातली तिच्याशी याची तुलना होऊ शकत नाही, कारण सिडनीत कारवाई करणारे आणि सोसणारे एकाच राजकीय समाजाचे घटक होते. सिडनीचे आरोग्याधिकारी जॉन अ‍ॅशबर्टन थॉम्प्सन यांनी माणूस, मेलेला उंदीर व पिसू यांचा संबंध दाखविणारी काटेकोर निरीक्षणे प्रसिद्ध केली, आणि मुंबईतील परळ येथे १९०५ नंतर झालेल्या प्रयोगांनी पिसूचे वाहकत्व निर्णायकपणे प्रस्थापित झाले. एकाच वाटेवरील दोन बंदरांनी एकमेकांच्या ज्ञानात भर घातल्याचा हा प्रसंग सागरी इतिहासात अधिक मानाने नोंदविला जावयास हवा.

१९०१ मध्ये ऑस्ट्रेलियातील वसाहतींचे संघराज्य झाले आणि त्याच्या पहिल्याच वर्षी दोन कायदे आले. इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन अ‍ॅक्टनुसार अधिकाऱ्याला नकोशा वाटणाऱ्या कोणालाही युरोपीय भाषेतील ५० शब्दांचा उतारा लिहावयास सांगता येई, आणि तो लिहिता न आल्यास प्रवेश नाकारता येई. बोट बंदरात लागली की बिगर-युरोपीय खलाशांना रांगेत उभे करून मोजले जाई, निघताना पुन्हा मोजले जाई, आणि एखादा कमी भरल्यास जहाजाच्या मालकाला वा कप्तानाला १०० पौंडांपर्यंत दंड होई. दुसऱ्या, टपाल व तार कायद्याने, ऑस्ट्रेलियन सरकारच्या टपालाचा करार केवळ गोरे कामगार ठेवणाऱ्या बोटींशीच करावा असे बंधन घातले. ब्रिटिश सरकारने आपल्या करारांत ही अट मान्य केली नाही, कारण भारतीय खलाशी हेही साम्राज्याचेच प्रजाजन होते. त्यामुळे पी अँड ओच्या बोटी भारतीय खलाशांनिशी सिडनीत येत राहिल्या. ज्या शहराचे टपाल व प्रवासी शेकडो भारतीय हातांनी आणले जात होते त्या शहरात उतरून राहण्याचा हक्क त्या हातांना नव्हता, हा विरोध पुढे सहा दशके टिकला.

याच काळात सिडनीची ओळख ऊन व समुद्र यांच्याशी जोडली गेली. एकोणिसाव्या शतकात दिवसाउजेडी उघड्या समुद्रात स्नान करण्यास तेथे बंदी होती; १९०२ मध्ये विल्यम गोचर या वृत्तपत्र-संपादकाने मॅनली येथे ती जाहीरपणे मोडली आणि त्यानंतर बंधने सैल झाली. काही वर्षांतच बाँडाय व इतर किनाऱ्यांवर बुडणाऱ्यांना वाचविणारी स्वयंसेवकांची पथके स्थापन झाली. १९२९ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल ट्रॅव्हल असोसिएशन निघाली व तिची भित्तिचित्रे ऊन, वाळू आणि पोहणारी निरोगी माणसे जगभर दाखवू लागली. मार्च १९३२ मध्ये ५०३ मीटर कमानीचा हार्बर ब्रिज खुला झाला तेव्हा या चित्रांना कायमची पार्श्वभूमी मिळाली.

हवाई मार्गाचा पहिला टप्पाही बंदरातच घडला. रॉस व कीथ स्मिथ या बंधूंनी १९१९ मध्ये लंडनहून डार्विनपर्यंत २८ दिवसांत विमान नेऊन ही वाट शक्य असल्याचे दाखविले होते, परंतु वाटेत चांगल्या धावपट्ट्या नव्हत्या. म्हणून १९३८ पासून इम्पीरियल एअरवेज व क्वांटास यांनी संयुक्तपणे पाण्यावर उतरणारी ‘फ्लाइंग बोट’ विमाने साउदॅम्प्टन व सिडनी दरम्यान सुरू केली. सिडनीचा तळ होता रोज बे. प्रवास नऊ-दहा दिवसांचा होता. मोजके प्रवासी दिवसा उडत व रात्री हॉटेलात मुक्काम करीत. भारतीय उपखंडातील मुक्कामांची यादी आज विस्मयकारक वाटते : कराची बंदरानंतर मेवाडातील राजसमंद तलाव, मग शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातील जलाशय, अलाहाबाद, आणि कलकत्त्याची हुगळी. सतराव्या शतकात महाराणा राजसिंह याने बांधविलेल्या तलावावर सिडनीला जाणारे विमान इंधन भरी, ही त्या काळातील साम्राज्यव्यवस्थेची आणि तंत्राच्या मर्यादांची एकाच वेळी साक्ष आहे.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि ही वाट तुटली. १९४३ ते १९४५ या काळात क्वांटासने पर्थ व श्रीलंकेतील कोग्गला यांच्या दरम्यान ‘कॅटलिना’ विमाने रेडिओ बंद ठेवून, केवळ ताऱ्यांच्या आधारे उडविली. २७ ते ३३ तासांच्या एकेका फेरीत प्रवाशांना दोनदा सूर्योदय दिसे. कोग्गलाचा तलाव गॉलपासून जवळच असल्याने, साठ वर्षांपूर्वी मागे पडलेला तो सांधा युद्धामुळे पुन्हा जोडला गेला.

युद्ध संपताच सिडनीच्या धक्क्यांवर एक घटना घडली, जिचे मोल भारतीय वाचकाने विशेष जाणावे. डच सत्ता इंडोनेशियावर पुन्हा ताबा मिळविण्यासाठी जहाजे भरू लागली तेव्हा सप्टेंबर १९४५ पासून इंडोनेशियन खलाशांनी व ऑस्ट्रेलियन गोदी कामगारांनी त्या जहाजांवर बहिष्कार घातला, आणि शेकडो भारतीय खलाशांनी नोकरी व परतीचा प्रवास पणाला लावून त्यांना साथ दिली. सिडनीत त्यांनी स्वतःची संघटना उभी केली. योरिस इव्हेन्स या डच दिग्दर्शकाच्या १९४६ मधील ‘इंडोनेशिया कॉलिंग’ या लघुपटात या लढ्याची नोंद आहे. ज्यांना केवळ मोजले जाई त्यांनी त्या शहरात सामुदायिकपणे आपले म्हणणे मांडले.

त्यानंतरचा बदल वेगवान होता. १ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटासचे ‘कॉन्स्टेलेशन’ विमान डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो व त्रिपोलीमार्गे चार दिवसांत लंडनला जाऊ लागले आणि या मार्गाला ‘कांगारू रूट’ हे नाव रूढ झाले. सामान्य माणूस मात्र अजून बोटीनेच येत होता. प्रौढामागे केवळ १० पौंड भरून ब्रिटिश कुटुंबांना स्थलांतर करता येईल अशी सरकारी योजना होती, आणि बोट सुटताना धक्क्यावरचे व डेकवरचे लोक रंगीत कागदी फितींची दोन टोके धरून उभे राहत, ती ताणून तुटेपर्यंत. १९५६ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलने मुंबईहून सिडनीची सेवा सुरू केली. १९५९ मध्ये जेट विमाने आली, १९७० च्या दशकात ‘जंबो’ विमानांनी भाडे खाली आणले आणि प्रवासी बोटींचा नियमित धंदा संपला.

बोटींबरोबर बंदराचे जुने कामही गेले. मालाची पेटीबंद म्हणजे कंटेनर पद्धतीने वाहतूक सुरू झाल्यावर विस्तीर्ण मोकळ्या जागेची गरज भासू लागली, आणि १९७९ पासून ही उलाढाल पोर्ट बॉटनीकडे वळली. त्याच बॉटनी बेच्या काठावर, मॅस्कट येथे, विमानतळही आहे. म्हणजे फिलिपने १७८८ मध्ये नाकारलेली जागाच आज शहराचे प्रवेशद्वार आहे, आणि पोर्ट जॅक्सनच्या धक्क्यांवर पर्यटनबोटी लागतात. १९७० च्या दशकाच्या आरंभी द रॉक्समधील जुनी वस्ती पाडून तेथे उंच इमारती उभारण्याची योजना होती. जॅक मंडी यांच्या नेतृत्वाखालील बांधकाम कामगार संघटनेने तेथे काम करण्यास नकार दिला म्हणून ती वाचली. कामगारांच्या या नकाराचे सिडनीवर असलेले ऋण १९७३ मध्ये पूर्ण झालेल्या ऑपेरा हाउसच्या रचनाकाराइतकेच मोठे मानावयास हवे.

वंशावर आधारित प्रवेशबंदी १९६६ नंतर सैल होत १९७३ मध्ये पूर्णपणे हटली. एअर इंडियाने २०१३ मध्ये दिल्लीहून आणि क्वांटासने २०२२ मध्ये बंगळुरूहून सिडनीची विनाथांबा सेवा सुरू केली. २०२१ च्या जनगणनेनुसार ऑस्ट्रेलियात भारतात जन्मलेले लोक ६,७३,००० हून अधिक होते. त्यांतील सिडनीकर प्रामुख्याने हॅरिस पार्क, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल अशा पश्चिमेकडील उपनगरांत राहतात, जी बंदरापासून वीसेक किलोमीटर आत आहेत, आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. बारा तासांच्या आसपास ही वाट कापून विद्यार्थी व अभियंता म्हणून आलेल्या या पिढीची नोंद पारपत्राच्या शिक्क्यांत नीट सापडते. कोकणच्या सारंग-टंडेलांची व गोव्याच्या वाढप्यांची नोंद मात्र अजूनही जहाजांच्या खलाशीयाद्यांतून, चुकीच्या इंग्रजी वळणाने लिहिलेल्या नावांतून एकेक करून हुडकावी लागते, आणि ती यादी मराठी अभ्यासकाने हाती घेणे अद्याप बाकी आहे.